कोटात पोचायचं कसं? मुंबईच्या जुन्या तटबंद शहराच्या वाटांचा मागोवा

ऑक्टोबर २०२५मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागली आणि तिच्याबरोबर हुतात्मा चौक नावाचं नवं स्थानक मुंबईकरांच्या रोजच्या बोलण्यात आलं. वर फ्लोरा फाउंटन, त्याच्या शेजारी हुतात्मा स्मारक आणि खाली जमिनीच्या पोटात फलाट. याच जागेच्या आसपास एकेकाळी मुंबईच्या कोटाचा पश्चिमेकडचा दरवाजा होता. पालख्या, बैलगाड्या, हमाल, व्यापारी, शिपाई सगळे त्यातून आत-बाहेर करत.

तट पाडला म्हणून कोट सर्वांना खुला झाला, असं आपण सहज म्हणून जातो. जुन्या ये-जा साधनांचा इतिहास चाळला की चित्र निराळं दिसतं. तट पडला तेव्हा रस्त्यांना आणि सरकारी इमारतींना जागा मिळाली. गिरणगावातल्या कामगाराला, गिरगावातल्या कारकुनाला, ठाण्या-कल्याणच्या चाकरमान्याला कोट मिळाला तो पुढे, परवडणाऱ्या तिकिटामुळे. हे तिकीट जेव्हा जेव्हा आवाक्याबाहेर गेलं किंवा गाडीच बंद झाली, तेव्हा तट नसतानाही कोटाची वाट अडली.

तट, खंदक आणि मैदान

इंग्रजांनी मुंबईच्या वस्तीभोवती पक्का तट उभारला तो गव्हर्नर चार्ल्स बूनच्या काळात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. तटाला तीन मुख्य दरवाजे होते. दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट आणि उत्तरेला बाजारगेट. १७१८च्या नाताळात प्रार्थनेसाठी खुलं झालेलं सेंट थॉमस चर्च तटाच्या आत होतं आणि त्याच्याकडे नेणारा दरवाजा तो चर्चगेट. आत दक्षिणेकडे साहेबांची वस्ती आणि कचेऱ्या, उत्तरेकडे पारशी, गुजराती, बोहरी व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि घरं.

या तटाच्या इतिहासात मराठ्यांचाही वाटा आहे. मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांचं धाबं दणाणलं. नुसत्या भिंतीवर भागणार नाही, भोवती खंदकही हवा, असं ठरलं. व्यापार मंदीत असतानाही व्यापाऱ्यांनी खंदकासाठी ३० हजार रुपये वर्गणी जमवली. पुढे दीडशे वर्षांनी मराठी माणूस लोकलनं ज्या भागात कामाला येणार होता, त्याभोवतीचा खंदक त्याच्याच पूर्वजांच्या धास्तीनं खणला गेला होता.

फेब्रुवारी १८०३मध्ये कोटात मोठी आग लागली आणि उत्तरेकडचा बराच भाग भस्मसात झाला. आगीनंतर तोफांच्या माऱ्याला मोकळी जागा राहावी म्हणून तटाबाहेर ८०० यार्डांपर्यंतचा पट्टा रिकामा ठेवण्याचं ठरलं. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही मैदानं त्याच मोकळ्या पट्ट्याचे अवशेष. तिथली घरं उठली, माणसं मांडवी, काळबादेवी, भुलेश्वर, गिरगावकडे सरकली. कोटात काम आणि कोटाबाहेर घर ही मुंबईची रीत इथं सुरू झाली. मधलं मैदान पायी तुडवायचं. पालखी किंवा घोडागाडी ज्यांना परवडे, त्यांचीच काय ती सोय. रात्री दरवाजे बंद होत, तेव्हा बाहेरच्यांनी त्याआधी निघायचं.

गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ साली आलं. तट पडण्याच्या ऐन वेळी एका मराठी माणसानं या शहराची मराठीत नोंद करून ठेवली, हे आपलं भाग्यच. कोट, दरवाजे, बाजार, बंदरं हे सगळं उभं असताना पाहिलेल्या माणसाचं ते लेखन आहे.

उत्तर दरवाज्याबाहेरचं स्थानक

१६ एप्रिल १८५३ या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. या रेल्वेसाठी झटलेल्यांमध्ये नाना शंकरशेट होते, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बोरीबंदर स्थानक तटाच्या आत नव्हतं, उत्तरेकडच्या दरवाज्याबाहेर, पाण्याच्या कडेला होतं. तिथून बाजारगेट पायी गाठायचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून रेल्वेनं माणसाला कोटाच्या वेशीवर आणून सोडलं आणि पुढचा तुकडा त्याच्या पायांवर ठेवला. शेवटच्या या तुकड्याचं दुखणं आजवर मिटलेलं नाही.

पश्चिमेकडची बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे १८६०च्या दशकात मुंबईत शिरली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. दिवसाला एक फेरी तिकडून, एक इकडून. १८७०मध्ये चर्चगेट स्थानक आलं, तेही मैदानापलीकडे, तटाच्या जागेपासून पश्चिमेला. पुढे रूळ कुलाब्यापर्यंत गेले. त्यामुळे कोटाला दोन बाजूंनी रेल्वे मिळाली, आत मात्र कुठलीच शिरली नाही. मधल्या भागात पाय, टांगे आणि थोड्याच वर्षांत ट्राम.

तट पडल्यावर

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा खेळू लागला. १८६२मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रिअरनं तट पाडायचा निर्णय अमलात आणला. खंदक बुजवले, दरवाजे गेले. चर्चगेटच्या जागेपाशी १८६४मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. तटाच्या रेषेवर हॉर्नबी रोड रुंद झाला. आज आपण त्याला दादाभाई नौरोजी रस्ता म्हणतो. मैदानाच्या कडेला सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय, तार कचेरी अशा इमारती रांगेत आल्या. १८७८मध्ये राजाबाई टॉवर पूर्ण झाला आणि त्याच वर्षी बोरीबंदरला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या नव्या स्थानकाचं काम सुरू झालं. ते दहा वर्षं चाललं. तेच स्थानक म्हणजे आपलं व्हीटी, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २००४पासून जागतिक वारसा.

तटाचा एक तुकडा मात्र आजही शाबूत आहे. सीएसएमटीच्या पूर्वेला, पी. डिमेलो रस्त्यावर, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात जुन्या फोर्ट जॉर्जची भिंत उभी आहे. काळपट दगड, जाड चुना, सांध्यांतून उगवलेली पिंपळाची रोपं. राज्याच्या पुरातत्त्व खात्याची कचेरी तिथंच आहे. लोकलमधून उतरून चालत गेलं तर काही मिनिटांत पोचता येतं, पण त्या बाजूला वळणारी माणसं बहुतेक रुग्णालयात निघालेली असतात. मुंबईचा इतिहास आवडणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी तिथं जाऊन त्या दगडाला हात लावावा, असं मला मनापासून वाटतं. त्या भिंतीची जाडी पाहिली की कोट म्हणजे केवढा बंदोबस्त होता, ते पुस्तकाविना कळतं.

ट्रामची नव्वद वर्षं

९ मे १८७४ या दिवशी मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची ट्राम आली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. दोन्ही मार्गांचा अर्थ उघड आहे: बाहेरची वस्ती आणि आतल्या पेढ्या यांना जोडणं. कुलाबा ते पायधुणीचं भाडं सुरुवातीला तीन आणे होतं आणि तिकीटही छापलेलं नसे. मजुराच्या दिवसभराच्या कमाईशी ताडून पाहिलं तर तीन आणे म्हणजे चैनच. कंपनीला लवकरच ते उमगलं. भाडं दोन आण्यांवर आलं, तिकिटं छापली गेली आणि ट्रामला गर्दी होऊ लागली. कोटाचा दरवाजा खऱ्या अर्थानं उघडला तो इथं, भाडं उतरलं तेव्हा.

१९०५मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली आणि १९०७मध्ये विजेची ट्राम धावू लागली. घोडे गेले, वेग वाढला, मार्ग परळ-दादरपर्यंत पोचले. १९२०मध्ये दुमजली ट्राम आली. दादरचं ‘टीटी’ हे ट्राम टर्मिनसचंच संक्षिप्त रूप, ट्राम जाऊन सहा दशकं उलटली तरी टॅक्सीवाला आजही ते सहज ओळखतो. ज्यांनी ट्राममधून कोट गाठला ती पिढी आता ऐंशीच्या पुढची. तिच्या आठवणींत एक गोष्ट हटकून येते: वेळ लागे, पण पायरीवर उभं राहून चालत्या शहराकडे बघत जाता येई आणि खिशाला झळ बसत नसे.

३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. रस्ते अरुंद आहेत, ट्राम मोटारींची वाट अडवते, असं कारण तेव्हा दिलं गेलं. जगातल्या कित्येक शहरांनी त्याच काळात ट्राम मोडीत काढली आणि नंतर पुन्हा आणली. मुंबईत ती परत आली नाही. एकाच वाहनात बरीच माणसं कोटात नेणारं साधन काढून रस्ता मोटारींना मोकळा करून द्यायचा, ही दिशा या शहरानं त्या रात्री पकडली. तिची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

विजेची लोकल आणि पास

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. १९२८मध्ये चर्चगेट ते बोरिवलीही विजेवर आलं. १९३०अखेर कुलाबा स्थानक बंद झालं, लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या मुंबई सेंट्रलला गेल्या आणि चर्चगेट हे पश्चिमेच्या उपनगरी गाड्यांचं शेवटचं स्थानक ठरलं. कोटाच्या दोन टोकांना दोन टर्मिनस आणि दोन्हींच्या मधे कचेऱ्या, बँका, न्यायालयं, ही मांडणी तेव्हापासून पक्की झाली.

१ जून १९३०ला डेक्कन क्वीन सुरू झाली. सकाळी पुण्याहून निघून कोटातलं काम उरकायचं आणि रात्री आपल्या घरी जेवायचं, हे शक्य झालं. पुढे पास काढून रोज ये-जा करणाऱ्या पुणेकरांची एक पिढीच तयार झाली. लोकलच्या सामानाच्या डब्यातून जेवणाचे डबेही त्याच वाटेनं कोटात येऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली डबेवाल्यांची सेवा ही कोटाच्या या येण्या-जाण्याचीच देणगी. माणूस सकाळी लवकर निघतो, त्याचा डबा मागाहून निघतो आणि दुपारी दोघांची कचेरीत गाठ पडते.

कोटाला सामान्य माणसाच्या हाती देणारी सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, असं विचारलं तर मी रेल्वेचा मासिक पास म्हणेन. द्वितीय वर्गाच्या उपनगरी पासाचा दर साधारण १५ एकेरी प्रवासांच्या भाड्याएवढा असतो आणि त्यात महिनाभर हवं तितकं फिरता येतं. जून २०१४मध्ये हा हिशेब ३० प्रवासांवर नेण्याचा निर्णय झाला, मुंबईत एकच ओरड उठली आणि काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. डोंबिवलीचा कारकून आणि विरारची परिचारिका कोटात नोकरी करू शकतात, त्यामागे हा पास आहे. पगारातून खोलीचं भाडं, मुलांची फी, किराणा वजा झाल्यावर प्रवासाला जे उरतं, त्यात तो बसतो.

बायकांच्या बाबतीत तर लोकलनं घडवलेला बदल फार मोठा आहे. कोटातल्या कचेऱ्यांमध्ये टंकलेखक, टेलिफोन ऑपरेटर, बँक कर्मचारी म्हणून स्त्रिया येऊ लागल्या तसे महिलांचे डबे वाढत गेले. मे १९९२मध्ये चर्चगेट ते बोरिवली ही पूर्णपणे महिलांसाठीची गाडी सुरू झाली. त्या डब्यांत भाज्या निवडल्या गेल्या, स्वेटर विणले गेले, डोहाळजेवणं झाली, बदलीचे निरोप दिले गेले. आईच्या पिढीतल्या कित्येक जणींना स्वतःचा असा वेळ मिळाला तो घर आणि कचेरी यांच्या मधल्या त्या तासा-दीड तासात.

लाल बस

१५ जुलै १९२६ रोजी कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईची पहिली बस धावली. मार्ग पुन्हा कोटातूनच. १९३७मध्ये दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ला महापालिकेनं कंपनी ताब्यात घेतली आणि बेस्ट मुंबईकरांची झाली.

स्टेशनबाहेरची बसची रांग हा कोटाच्या सकाळचा कणा होता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी व्हीटीला उतरून ज्या रांगेत उभा राहायचो, ती मला आजही नीट आठवते. रांग लांबलचक असली तरी शिस्तीची. बस आली की आधी उतरणारे, मग चढणारे, मधे कुणी घुसलं तर मागून आवाज यायचाच. कंडक्टरच्या हातात ॲल्युमिनियमची पेटी, तीत रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे आणि बोटांत पंच. पंच दांड्यावर आपटून तो टकटक करायचा आणि त्या आवाजावरून कंडक्टर कुठवर आलाय हे न बघता कळायचं. ‘मंत्रालय, मंत्रालय’ असं ओरडत तो वर-खाली करायचा. १३८ नंबरची बस सीएसएमटीहून बॅकबेकडे निघायची तेव्हा तिच्यात शिपायापासून उपसचिवापर्यंत सगळे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असायचे.

बसला रांग फार झाली की शेअर टॅक्सी. चर्चगेट आणि सीएसएमटीबाहेर काळ्या-पिवळ्या टॅक्सी उभ्या असतात, चार अनोळखी माणसं एकत्र येतात, भाडं वाटून घेतात आणि नरिमन पॉइंट किंवा बॅलार्ड इस्टेट गाठतात. प्रवाशांनी आणि टॅक्सीवाल्यांनी मिळून रुजवलेली ही सोय. कामावर उशीर होऊ नये या एका निकडीतून ती टिकून राहिली.

फाउंटनला जमलेली माणसं

कोटात लोक फक्त नोकरीला येत नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनपाशी जमलेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला. गिरणगावातून, परळ-लालबागमधून, गिरगावातून आलेली ती माणसं होती. कुणी पायी, कुणी ट्रामनं, कुणी लोकलनं. साहेबानं आपल्यासाठी तट बांधून राखलेल्या जागेवर कामगारानं आपल्या राज्याची मागणी मांडली. महाराष्ट्र झाला आणि १९६१मध्ये तिथं हुतात्मा स्मारक उभं राहिलं. स्वस्त प्रवासाचं मोल नोकरीपुरतं मोजता येत नाही ते यासाठी. शहराच्या मध्यावर, सत्तेच्या दारात एकत्र जमता येणं हा नागरिकाचा हक्क आणि त्या हक्कालाही गाडी लागते, तिकीट लागतं. आझाद मैदानावर आजही राज्यभरातून अंगणवाडी सेविका, शेतकरी, शिक्षक येऊन बसतात ते सीएसएमटीला उतरूनच.

पायांखालचा तुकडा

स्टेशन ते कचेरी हे अंतर बहुतेक जण चालत कापतात आणि इथं जुन्या मुंबईनं एक उत्तम गोष्ट करून ठेवली आहे. १८९६च्या नियमांनुसार हॉर्नबी रोडवरच्या इमारतींना तळमजल्यावर कमानींची सलग ओसरी ठेवणं बंधनकारक झालं. इमारती वेगवेगळ्या शैलींच्या, ओसरी मात्र एका ओळीत. जुलैच्या मुसळधार पावसात सीएसएमटीहून निघून फाउंटनपर्यंत बराचसा रस्ता छत्री न उघडता चालता येतो. पादचाऱ्याचा विचार करून केलेला नियम सव्वाशे वर्षं कामाला येतो, याचा हा धडधडीत पुरावा.

याच्या नेमकं उलट उदाहरणही त्याच परिसरात आहे. १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी सीएसएमटीबाहेरचा हिमालय पूल कोसळला. घरी जाणारी माणसं दगावली, अनेक जखमी झाली. नवा पूल लोकांसाठी खुला व्हायला मार्च २०२३ उजाडलं. मधली चार वर्षं रोज हजारो माणसं वाहनांच्या गर्दीतून रस्ता ओलांडत राहिली. समुद्रातून मोटारींसाठी रस्ता उभारण्याचं प्रचंड काम त्याच काळात चालू होतं आणि मार्च २०२४पासून तो टप्प्याटप्प्यानं खुलाही झाला. पायी चालणाऱ्यासाठी एक लहानसा पूल चार वर्षं का रखडावा, याचं उत्तर शहरानं कोणाला अग्रक्रम दिला त्यात आहे.

दरवाजे पुन्हा मिटले तेव्हा

मार्च २०२०च्या टाळेबंदीत लोकल थांबली. १५ जूनपासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी मोजक्या गाड्या सुरू झाल्या, ऑक्टोबरमध्ये महिलांना गर्दी नसलेल्या वेळेत मुभा मिळाली, १ फेब्रुवारी २०२१पासून ठरावीक तासांत सर्वांना प्रवेश मिळाला. दुसऱ्या लाटेत तो पुन्हा गेला आणि १५ ऑगस्ट २०२१पासून लशीच्या दोन मात्रा झालेल्यांसाठी परत आला. या दीड वर्षात बदलापूर, विरार, पनवेलच्या माणसाला कोट किती लांब आहे ते नव्यानं कळलं. एसटीच्या लाल गाड्या आणि बेस्टच्या बस अत्यावश्यक कर्मचाऱ्यांना घेऊन धावत होत्या, पण दीड तासाच्या प्रवासाला तीन-चार तास लागत. मोटार असलेले येत राहिले. ज्यांची भिस्त पासावर होती त्यांतल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

साथीत निर्बंध हवेच होते, याबद्दल वाद नाही. पण त्या काळानं एक गोष्ट स्वच्छ दाखवून दिली: या शहराचा मध्य कोणाच्या हाती राहणार, हे लोकल आणि बस चालू आहे की बंद, यावर ठरतं.

आजचा हिशेब

आता भुयारी मेट्रो आली आहे. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन. जुन्या कोटाची आणि त्याच्याबाहेरच्या वस्तीची सगळी नावं एका ओळीत. खोदकाम चालू असताना दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या जुन्या इमारतींना धोका पोचेल अशी भीती होती आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. आज इमारती उभ्या आहेत, खालून गाड्या धावत आहेत. अंधेरी-मरोळ भागातून गार डब्यात बसून थेट हुतात्मा चौकात उतरता येणं ही साधी गोष्ट नाही. मी तिचं मनापासून स्वागत करतो.

पण मेट्रोचं भाडं १० ते ७० रुपये आहे. पूर्ण अंतराची रोजची ये-जा १४० रुपयांना पडते. लोकलच्या द्वितीय वर्गाचं किमान तिकीट अजूनही ५ रुपये आहे. त्यामुळे मेट्रोनं गर्दीतला काही भाग उचलला तरी कमी पगाराचा माणूस लोकललाच धरून राहणार आणि सीएसएमटी-चर्चगेटहून पुढच्या तुकड्यासाठी बसचीच वाट बघणार. नेमकी ती बस आटते आहे. एकेकाळी चार हजारांवर असलेला बेस्टचा ताफा तीन हजारांच्या आत आला आहे आणि त्यातल्या बहुसंख्य बस कंत्राटदारांच्या आहेत. जुनी साधी दुमजली बस सप्टेंबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. २०१९मध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आलं होतं, मे २०२५मध्ये ते १० रुपये झालं, वातानुकूलित बसचं १२. पाच रुपयांच्या भाड्यानं जी माणसं बसकडे परत वळली होती, त्यांना रोजचा दुपटीचा खर्च जाणवतो. थांब्यावर वीस-पंचवीस मिनिटं ताटकळल्यावर माणूस निमूट चालू लागतो आणि पुढे बसला उतारू मिळत नाहीत म्हणून फेरी कमी होते.

हे चक्र उलटं फिरवणं अवघड नाही. मेट्रोच्या प्रत्येक दारापाशी आणि दोन्ही टर्मिनसबाहेर दर काही मिनिटांनी लहान बस असावी. लोकल, मेट्रो आणि बस यांचा मिळून एक मासिक पास असावा आणि त्याचा दर रेल्वेच्या पासाप्रमाणेच कमी पगाराच्या माणसाला समोर ठेवून ठरावा. कोटातल्या अरुंद गल्ल्यांत उभ्या मोटारींपेक्षा चालणाऱ्यांना आणि बसला जागा मिळावी. यातली कोणतीही गोष्ट एका भुयाराच्या खर्चाइतकी महाग नाही. १८७४मध्ये खासगी ट्राम कंपनीला जे काही महिन्यांत उमगलं, की भाडं उतरलं तरच माणसं येतात, ते लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या व्यवस्थेला आज उमगायला हवं.

हा आग्रह धरायचा आहे तो आपण, रोज पास दाखवून या भागात येणाऱ्यांनी. पासाच्या दरवाढीविरुद्ध २०१४मध्ये आवाज उठला आणि निर्णय फिरला. बसफेऱ्यांसाठी आणि एकत्रित पासासाठी तसाच आवाज उठवला, तर तोही ऐकावा लागेल.